सत्तर लिटर झोप

बाहेरचं माप

७९.६ गुणिले ४३.६ गुणिले ३३.६ सेंटीमीटर. लाकडाची एक पेटी. हिच्यात एका म्हाताऱ्या माणसाची झोप बसवायची होती.

बसेल का, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मोतीराम मिस्त्रीचं तर म्हणणं होतं की हे काम सुताराचं नाहीच, डॉक्टरचं आहे.

पण आधी मोनिका.

मोनिका पिशोरची. घरी शेती, भाऊ, म्हशी, सगळं रीतसर. तिनं मात्र पॉलिटेक्निक केलं आणि शहरातच राहिली. छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडच्या मागच्या एका गल्लीत तिनं दुकान घातलं. गाडीच्या डिकीत बसणारे सबवूफरचे, म्हणजे खालच्या सुरात घुमणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, बॉक्स बनवायचे, एवढंच काम. गणित मोनिकाचं, लाकूड मिस्त्रीचं. मिस्त्री साठीचा. तीस वर्षं त्यानं लोकांची दारं-खिडक्या केल्या, आणि आता बिनदाराच्या पेट्या करतो म्हणून स्वतःलाच हसतो.

दार नसतं, पण तोंड असतं. त्याला पोर्ट म्हणतात. पुढच्या फळीत एक उभी फट, आणि फटीमागं आत वळत जाणारा लाकडी बोळ. वूफरचा पडदा हलला की ह्या बोळातली हवा आत-बाहेर करते. बोळ लांब, तर सूर खालचा. बोळ आखूड, तर सूर वरचा. गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं की पुरतं. ह्यापुढचं मोनिका कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक तिच्याकडं जरा काळजीनं बघायला लागतात.

पुढचं असं आहे. ज्या सुरावर पेटी जुळवलेली असते, नेमका तोच सूर वाजवला, तर पडदा जवळजवळ थांबतो. बघणाऱ्याला वाटावं, बंद पडला. आणि तेव्हाच बोळातली हवा सगळ्यात मोठा श्वास घेत असते.

मोनिकाला हे डोळे मिटले की दिसतं. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या खिडकीशी बसल्या बसल्या ती जागेचे लिटर मोजते. ह्या खोलीला कुठं फट पाडली तर ही कुठल्या सुरात श्वास घेईल, असं तिच्या मनात येतं, आणि मग शेजारचा माणूस काय विचारतोय ते तिला दोनदा विचारावं लागतं.

तिच्या पेट्यांचं शहरातल्या पोरांमध्ये एक नाव आहे: मोनिकाचा पोर्ट फसफसत नाही. बोळ अरुंद ठेवला, कडा धारदार ठेवल्या, की हवा त्यातून घासून जाते आणि सुराबरोबर फस्स, फस्स असा वारा ऐकू येतो. ह्या धंद्यात ती लाज. मोनिका बोळाच्या कडा पॉलिश पेपरनं घासून इतक्या गोल करायची की हवेला कळू नये, आपण लाकडातून चाललोय.

हे लक्षात ठेवायला सांगत नाही. असं होतं, एवढंच.


गिऱ्हाईक

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी दुपारी मिस्त्री फळी खांद्यावर घेऊन मागं सरकला तो थेट एका बंपरला टेकला. गाडी कधी आली, कुणालाच कळलं नव्हतं. विजेवरची, नवी, पांढरी.

"अवो बाई, हॉर्न तरी वाजवायचा!"

"वाजवला की हे दचकतात," चालवणाऱ्या बाई म्हणाल्या.

बाई एकाहत्तरच्या. पद्मजाकाकू, समर्थनगरच्या, शाळेतून निवृत्त. मागच्या सीटवर त्यांचे यजमान दत्तोपंत, मफलर गुंडाळून ताठ बसलेले. सगळी नोकरी त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. डोळे असे, की कुणीतरी मिटायचे विसरून गेलं आहे.

"घुमणाऱ्या पेट्या तूच करतेस ना?" काकूंनी विचारलं. "आमच्या समोरच्या सत्यमच्या गाडीत तुझी पेटी आहे. तो गल्लीत शिरला की आमच्या कपाटातले पेले हलतात."

मोनिकाला वाटलं, तक्रार आली. "काकू, मी सांगते त्याला आवाज कमी कर म्हणून."

"कमी कशाला? मला हवी आहे."

मिस्त्रीनं फळी खाली ठेवली.

काकूंनी सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी दत्तोपंतांना हार्टचा अटॅक आला, तेव्हापासून त्यांची रात्रीची झोप गेली ती गेलीच. पण घरात जुनी डिझेल गाडी होती. काकू दुपारी अडीचला त्यांना मागं बसवायच्या आणि दौलताबादवरून खुलताबादपर्यंत जाऊन यायच्या. मिटमिटा सोडलं की दत्तोपंतांची मान पडायची, ती परत घराशी आल्यावरच वर व्हायची. दोन तास. रोज. त्या दोन तासांवर माणूस अकरा वर्षं नीट चालला.

"मग दसऱ्याला आमच्या अमेयनं ती गाडी विकली नि पुण्याहून ही पाठवली. म्हणाला, आई, धूर नाही, आवाज नाही."

"झोप नाही," मागून दत्तोपंत म्हणाले.

"गोळ्या दिल्या डॉक्टरांनी. गोळी घेतली की हे दिवसभर मलाच विचारतात, बाई आपण कुणाकडच्या? आता अमेय रविवारी येतोय. म्हणतो, घर बंद करा नि दोघंही माझ्याकडं चला, अकराव्या मजल्यावर. मी त्याला म्हटलं, मला रविवारपर्यंत वेळ दे. तोवर हे झोपले तर आम्ही येणार नाही. नाही झोपले, तर मुकाट्यानं बॅगा भरीन." काकूंनी स्टिअरिंगवर बोट आपटलं. "मला त्या गाडीची घरघर करून दे."

"काकू, इंजिनाचा आवाज मोबाईलवर भरून गाडीच्या स्पीकरवर लावा की. पेटी कशाला?"

"लावला होता. अमेयनंच कुठूनसा पाठवला. दर चार मिनिटांनी त्यात एक कावळा ओरडतो."

"मी त्या कावळ्याची वाट बघत बसायचो," दत्तोपंत म्हणाले. "वक्तशीर कावळा."

मिस्त्री हसला. मोनिका नाही हसली. ती मागच्या सीटशी वाकून आतल्या जागेचे लिटर मोजत होती.


मूळ आवाज

जुनी गाडी लासूर स्टेशनला होती. कांद्याचे व्यापारी नानासाहेब, त्यांनी घेतलेली. मंगळवारी मोनिका स्कूटीवर तिथं गेली.

मार्केट यार्डातल्या धुळीत गाडी उभी होती. मागची सीट काढून तिथं बारदान भरलेलं. नानासाहेबांनी चावी फिरवली आणि गाडी अंगात आल्यासारखी हलायला लागली. काचा, दारं, छतावरचं कॅरियर, सगळं आपापल्या भाषेत बोलत होतं.

"लई बोलकी गाडी हाय!" नानासाहेब ओरडले.

"काय?"

"बोलकी! बायकू शेजारी बसती, तरी मी तिला फोन लावून बोलतो!"

मोनिका हसली आणि मोबाईल बोनेटवर धरला. मग पुढच्या सीटवर. मग दुकानात येऊन तिनं त्या आवाजाचा आलेख लॅपटॉपवर उघडला. एक दाट काळं रान पसरलं होतं, आणि त्या रानात तळाशी एक स्वच्छ उंच रेघ. सत्तावीस हर्ट्झ. सेकंदाला सत्तावीस ठोके. कानाला जेमतेम, छातीला पुरेपूर.

बाकीचं रान तिनं कापून टाकलं. ऐंशी हर्ट्झच्या वरचं सगळं. ती सवय होती. रोज गाण्यातून ती तेच करते, वरचा कचरा काढून खालचं सोनं ठेवते. खडखड गेली, सरसर गेली, नानासाहेबांचं ओरडणं गेलं. एकटी रेघ राहिली.

किती सुंदर दिसत होती ती रेघ, काय सांगावं.


आतलं माप

७६ × ४० × ३० म्हणजे एक्याण्णव लिटर, वर थोडं.
त्यातून बोळातली हवा वजा, तेरा.
बोळाचं लाकूड वजा, पाच.
वूफरचं स्वतःचं अंग वजा, तीन.
उरले सत्तर.

माणूस नवं घर घेतो तेव्हा भिंतीसुद्धा मोजून पैसे देतो. पेटीत तसं चालत नाही. पेटीत जे खरंच रिकामं आहे तेवढंच तुमचं.

फट पाच सेंटीमीटर रुंद, तीस उंच. सत्तर लिटरला सत्तावीसवर आणायचं तर बोळ अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर लांब. तेवढी लांबी सरळ बसेना, म्हणून मोनिकानं बोळ एकदा कोपऱ्यात वळवला.

"एवढा बोळ?" मिस्त्री म्हणाला. "हवा वाट चुकंल की."

"नाय चुकत. वळणाला गोलाई द्या."

"त्या आजोबाला झोप येऊ दे नाय तर नको, मला येतीय. दोन दिवस झाले, कडाच घासतोय."

"घासा, मिस्त्री. एक कण वाजला नाय पाहिजे."

"मागची फळी चिकटवू का?"

"आजच नको. स्क्रूवरच ठेवा."


आत

गुरुवारी दुपारी, भुश्शाच्या उबेत, बाकावर मोनिकाचा डोळा लागला.

ती बोटाएवढी झाली होती आणि बोळात उभी होती.
दोन्ही बाजूंनी गुळगुळीत भिंती.
वर अंधार, पण सरसाच्या वासाचा, घरचा.

हवा आली.
तिला घेऊन पुढं गेली.
हवा परतली.
तिला घेऊन मागं आली.

पुढं.
मागं.
एका जागी.

वळणाच्या पलीकडून कुणीतरी बोलत होतं. बाईमाणसाचा आवाज. काय बोलतंय ते ऐकायला ती वळणाकडं चालली, पण तिचं पाऊल तिनंच घासलेल्या गुळगुळीत लाकडावरून घसरत राहिलं. आवाज स्वच्छ होता. शब्द अन् शब्द कळण्यासारखा. तरी तिनं तो ऐकला नाही, कारण ती भिंतीवर हात फिरवून बघत होती की कुठं धार राहिली आहे का.

जाग आली तेव्हा मिस्त्री रंधा मारत होता आणि ऊन पायांवरून वर सरकलं होतं.


शुक्रवार

पेटी डिकीत बसली. मोनिकानं मोबाईलवरून सत्तावीसचा सूर सोडला, अगदी सपाट नाही, इंजिनासारखा जरासा हेलकावणारा. फटीपुढं उदबत्ती धरली. पडदा स्थिर. धूर मात्र आत ओढला गेला, बाहेर फेकला गेला, आत, बाहेर, इतक्या वेगात की फटीपुढं एक करडं फूल उमलून तिथंच थरथरत राहिलं. आणि आवाज? काही नाही. वारा नाही, घासणं नाही. फक्त पाठीच्या कण्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं.

"आयला," मिस्त्री म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं टोमणा मारला नाही.

अडीचला निघाले. काकू चालवत होत्या, मोनिका मागं, दत्तोपंतांच्या शेजारी. पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. हिवाळ्याचं मऊ ऊन दोन्ही बाजूंच्या शेतांवर पसरलं होतं, मधूनच तुरीची पिवळी फुलं. दत्तोपंतांनी डोकं मागं टेकलं.

"तीच," ते हळूच म्हणाले. "तीच आहे ही. खालची."

त्यांच्या पापण्या जड झाल्या. अर्ध्यावर आल्या. मोनिकानं श्वास धरला.

"झोप लागली का हो?" पुढून काकूंनी विचारलं.

पापण्या उघडल्या. "लागत होती."

पुन्हा सूर. पुन्हा शेतं. दौलताबादच्या पुढं जुन्या वेशीपाशी गाड्यांची रांग लागली. त्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, म्हणून समोरच्यांना वाट देत सगळे थांबलेले. गाडी उभी, पण पेटी चालू. दत्तोपंतांची हनुवटी मफलरमध्ये बुडायला लागली. एक बोट. दोन बोटं.

"लागली का हो?"

"अगं, लागू तर दे!"

"बरं, बरं."

घाट चढला. वेरूळकडं जाणारी वाहनं पुढं निघून गेली. खुलताबादच्या अलीकडं पेरूवाल्यांच्या टोपल्या दिसायला लागल्या तेव्हा तिसऱ्यांदा. आणि चौथ्यांदा. प्रत्येक वेळी अगदी काठावरून माणूस परत ओढला जात होता.

"जुन्या गाडीत बरं होतं," दत्तोपंत मोनिकाला म्हणाले. "ही चालवताना गप्प असायची."

काकूंनी गाडी बाजूला घेतली. थांबवली. मान वळवली.

"मी गप्प असायची?"

"नाहीतर काय. अकरा वर्षांत एक शब्द नाही. मला वाटायचं, वाहतुकीकडं लक्ष आहे."

"अहो, मी दर पाच मिनिटांनी विचारायची! लागली का हो, लागली का हो! तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत, म्हणून मी समजायची, लागली."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मधे सत्तावीस हर्ट्झ चाललेलं.

मोनिकाला लासूरचं यार्ड आठवलं. फोन लावून बोलणारे नानासाहेब. तिनं कापून टाकलेलं ते काळं रान. वरचा सगळा खडखडाट, ज्याच्या आड एक बाई अकरा वर्षं बोलत होती आणि एक माणूस अकरा वर्षं झोपत होता. तिनं सोनं ठेवलं होतं आणि पांघरूण फेकून दिलं होतं. खालच्या सुरानं बोलणं झाकत नाही. इतक्या स्वच्छ सुरानं तर नाहीच.

"काकू," ती म्हणाली, "परत जाताना विचारू नका. बघू."

काकूंनी विचारलं नाही. खुलताबादहून परत दौलताबादपर्यंत त्यांनी ओठ असे आवळून धरले की स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली. आरशात बघायच्या, नजर रस्त्यावर, परत आरशात. दत्तोपंत डोळे मिटून होते. वेशीच्या अलीकडं त्यांनी एक डोळा उघडला.

"आज विचारलं नाहीस?"

"नको म्हणाली ना ही."

"मग मला काळजी वाटायला लागली."

घरी आल्यावर दत्तोपंत आत गेले आणि काकू गाडीतच बसून राहिल्या. "अटॅक आला ना," त्या मोनिकाकडं न बघता म्हणाल्या, "तेव्हा हे शेजारी झोपलेले होते. मी तासभर पेपर वाचत बसले. मला वाटलं, झोपलेत. तेव्हापासून विचारल्याशिवाय मला राहवत नाही गं. उत्तर आलं नाही तरी चालतं. विचारावं लागतं."

मोनिकानं मनात दिवस मोजले. परवा रविवार.


धार

मिस्त्रीनं ऐकलं आणि हातातली पटाशी खाली ठेवली.

"म्हंजे आता पेटी बिघडवायची."

"व्हय."

"मुद्दाम."

"व्हय, मिस्त्री. फट पाच सेंटीमीटरची दोन सेंटीमीटर करायची. एक अठरा मिलिमीटरची फळी न् एक बाराची, आतून चिकटवा. फट बारीक झाली की बोळ आखूड लागतो, पस्तीस पुरे. वळणापुढचं सगळं काढा. सूर तोच राहील. पण हवेला जागा कमी पडंल."

"फसफसंल."

"फसफसू द्या. त्याच्यासाठीच. रेकॉर्डिंगमधला कावळा परत परत येतो. हा वारा परत येत नाय, दर वेळी नवा असतो."

"आन् कडा?"

मोनिकानं बोळाच्या तोंडावरून बोट फिरवलं. दोन दिवसांची गोलाई. पाण्यातल्या गोट्यासारखी.

"काटकोनात कापा."

मिस्त्रीनं पटाशी परत उचलली. मग म्हणाला, "दुकानाचं नाव पेटीवर टाकू नको बग. पोरं हसतील."

त्यानं मागच्या फळीचे स्क्रू काढले. वळणाचं लाकूड निघालं. नवी धार बसली. शनिवारी दुपारपर्यंत सरस वाळायला आला, आणि मोनिकानं सूर सोडला.

फस्स.
फस्स्स फस्स
फ् स्स्स् स्स् फ्स्स्स्
वारा, पावसाळी नाल्यासारखा, दमेकऱ्यासारखा,
डांबरावरच्या टायरासारखा,
कुठंच थांबत नाही, कुठंच सारखा नाही,
आणि त्याच्या खाली, धक्क्याधक्क्यानं
त्याला ढकलत राहणारं
सत्तावीस.

मोनिकाला कानांवर हात ठेवावेसे वाटले. आजवर तिनं ज्याला दुरुस्त म्हटलं ते सगळं ह्या फटीतून बाहेर फेकलं जात होतं.

"आवाज वाढव," मिस्त्री म्हणाला.

"अजून?"

"आगं, मी काय बोललो ते तुला ऐकू आलं ना? मंग वाढव."


शनिवार, अडीच

ह्या वेळी मोनिका पुढं बसली, काकूंच्या शेजारी. तिच्या मांडीवर काकूंची पर्स आणि तिचा स्वतःचा मोबाईल, ज्याच्यातून एक वायर मागं गेली होती.

पडेगावपाशी काकूंचे ओठ हलले. मोनिकाला ऐकू आलं नाही. तिनं मान पुढं केली. काकूंनी हातानं सांगितलं, तुला नाही.

मिटमिट्याशी ओठ पुन्हा हलले. काकूंनी आरशात पाहिलं. मोनिकानंही मागं वळून पाहिलं. दत्तोपंत खिडकीबाहेर बघत होते. बघत होते असंच वाटलं. मग गाडी एका खड्ड्यातून गेली आणि त्यांचं डोकं काचेवर आपटायच्या ऐवजी हळूच टेकलं, आणि तिथंच राहिलं. तोंड थोडं उघडं. मफलर एका बाजूनं सुटलेला. छातीवरचा शर्ट वर, खाली. वर, खाली.

काकू बोलायला लागल्या.

पाच मिनिटांनी नाही. सलग. शेतांच्या कडेनं, वेशीच्या रांगेत, घाटाच्या वळणांवर त्यांचे ओठ हलत राहिले. मोनिकाला एकही शब्द कळत नव्हता आणि तिनं कळवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. एकदा काकू हसल्या. एकदा त्यांनी डाव्या हातानं डोळा पुसला. एका ठिकाणी त्यांनी बोट दाखवून कुणाचं तरी शेत ह्यांनी मोजलं होतं असं काहीतरी सांगितलं असावं, कारण त्या बांधाकडं बघत होत्या. मागं माणूस झोपलेला, पुढं बाई बोलत असलेली, आणि मधे वाऱ्याची एक जाड भिंत, जिच्यातून दोघांनाही काही जाणवत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. रस्ता कधी खाली गेला, कधी वर आला, मोनिकाला समजलं नाही. तिला वाटलं, ही गाडी चालत नाहीच. हिच्या पोटातली हवाच फक्त पुढं-मागं करते आहे, आणि झाडं शहाण्यासारखी बाजूनं जाताहेत.

पर्समध्ये उजेड लागला. अमेयचा फोन.

काकूंनी गाडी कडेला घेतली, खुलताबादच्या चढावर, एका कडुनिंबाखाली. बंद केली नाही. खुणेनं म्हणाल्या, तू घे.

मोनिकानं फोन उचलला, आपला मोबाईल सीटवर ठेवून उतरली आणि दार हळूच लावलं. बाहेर एकदम शांतता. वारा सगळा आत राहिला होता. बाहेरून फक्त मागची नंबरप्लेट बारीक थरथरत होती.

"आई?"

"मी मोनिका बोलतेय, पेटीवाली. काकू गाडीत हायेत."

"अच्छा. बाबा कसे आहेत?"

"झोपलेत."

"कोण?"

"तुमचे बाबा. पाऊण तास झाला."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग, "मागं तो आवाज कसला येत होता? दार उघडलं तेव्हा. ती तुमची पेटी?"

"व्हय."

"बिघडली आहे का?"

मोनिकानं कडुनिंबाच्या खोडाला पाठ टेकली. "बिघडवलीय," ती म्हणाली. "लई मेहनतीनं."

अमेय हसला नाही. "खरंच झोपलेत?"

"फोटो पाठवू का?"

"नको." मग, वेगळ्याच आवाजात, "श्वास चालू आहे ना? म्हणजे, बघितलंत ना नीट?"

मोनिकानं काचेतून पाहिलं. आत दत्तोपंतांचा शर्ट वर, खाली. आणि काकू मान मागं वळवून, आरशातून नाही, थेट त्यांच्याकडं बघत काहीतरी विचारत होत्या, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवत होत्या.

"चालू हाय," मोनिका म्हणाली. "काकू बघतायत."

"मी उद्या सकाळी निघणार होतो."

"या की. जेवायला पोचा. पण दुपारी अडीच ते साडेचार घरी कुणी सापडणार नाय. उद्या नाय न् परवाही नाय."

त्यानं "बरं" म्हटलं, की काही म्हटलंच नाही, हे तिला नीट कळलं नाही. त्यानं फोन ठेवला. मोनिकानं काकूंना फोन परत द्यायचा म्हणून दाराच्या हँडलला हात घातला.

आत काकू अजून बोलत होत्या. तिनं हात काढून घेतला. आणि चढाच्या बाजूला पेरूवालीपाशी जाऊन उभी राहिली.